अलामेअर धबधबा आणि चुकलेली भरतीची वेळ : एका सहलीचं प्रकरण

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेज या राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर अलामेअर नावाचा धबधबा आहे. साधारण चाळीस फुटांच्या कड्यावरून ओढ्याचं पाणी थेट पुळणीवर पडतं आणि दहा-वीस पावलांत पॅसिफिकला मिळतं. बे एरियातल्या आपल्या मंडळींमध्ये ही वाट फार लोकप्रिय आहे, त्यामुळे इथे घडलेलं एक प्रकरण सविस्तर लिहितो आहे. जीवावर बेतलं नाही, पण बेतता बेतता राहिलं, आणि ज्या वळणांवर ते बेतत गेलं ती वळणं कुठल्याही गटाच्या वाट्याला येण्यासारखी आहेत. आम्ही काही जण इथल्या मराठी मंडळींसाठी पदभ्रमणाच्या सहली आखतो. ही सहल आमची नव्हती. ती झाल्यावर त्या गटातल्या सगळ्यांशी मी वेगवेगळं बोललो आणि त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वेळा मात्र त्यांनी सांगितल्या तशाच ठेवल्या आहेत.

गट

आठ जण होते. सहल आखणारी बाई, तिला इथे आयोजक म्हणू. तिचा नवरा. तिचे वडील, वय सहासष्ट, हिवाळ्यात लेकीकडे आलेले. जन्म हर्णैजवळचा, तरुणपणी मामाच्या होडीवर गेलेले, पुढे शिक्षकाची नोकरी केली. गटात सगळे त्यांना काका म्हणत होते. एक जोडपं आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी. आणि एकाच घरात राहणारे दोन तरुण : एक सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुसरा एमएस करणारा विद्यार्थी.

आयोजकाला सहलींचा चांगला सराव होता. तिने नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला होता, प्रत्येकाने किती पाणी घ्यायचं ते कळवलं होतं आणि पावसाळी जॅकेटची आठवणही केली होती. मुख्य म्हणजे तिने भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलं होतं. बरेच जण तेवढंही करत नाहीत, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

जागा आणि वाट

बोलिनास गावावरून मेसा रोडने गेलं की शेवटी कच्चा रस्ता लागतो आणि तो पॅलोमॅरिनच्या वाहनतळावर संपतो. तिथून कोस्ट ट्रेल सुरू होते. आधी निलगिरीची राई, मग समुद्रावरच्या कड्यांच्या माथ्याने जाणारी वाट, मग आत वळून चढ. बॅस लेक आणि पेलिकन लेक ही तळी मागे टाकत साडेपाच मैलांवर वाइल्डकॅट कॅम्प येतो. तिथे पुळणीवर उतरायचं आणि पाण्याच्या कडेने दक्षिणेला एक मैल चाललं की धबधबा. जाऊन-येऊन तेरा मैल. उद्यानाची अधिकृत वाट हीच.

दुसरी एक वाट आहे. चार मैलांच्या आसपास कोस्ट ट्रेलवरून डावीकडे एक फाटा फुटतो आणि झुडपांतून अर्ध्या मैलाच्या आत धबधब्याच्या माथ्यावर नेतो. हिने गेलं तर सगळी फेरी साडेआठ मैलांच्या आसपास होते. या वाटेची देखभाल उद्यान करत नाही, आणि तिने जाऊ नका असं ते स्पष्ट सांगतं. माथ्यावरून पुळणीवर उतरायला एक घळ आहे. तिथला दगड पापुद्रे सुटावेत तसा हातात येतो. उतरताना पायाखालचा तुकडा निसटला तरी माणूस घसरत का होईना, खाली पोचतो. चढताना मात्र हाताला धरायला तो तुकडा उरलेला नसतो.

या किनाऱ्याचे कडे ठिसूळ आहेत. 2015 च्या मार्चमध्ये याच उद्यानातल्या आर्च रॉकचा माथा कोसळला आणि एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला. पुळणीवरून चालताना कड्याच्या अगदी मुळाशी जाऊ नये, हे त्यामुळे नुसतं पाटीवरचं वाक्य म्हणून सोडून देऊ नये.

हिवाळ्यात धबधब्याला भरपूर पाणी असतं, म्हणून लोक तेव्हा जातात. पण हिवाळ्यातल्या मोठ्या लाटा पुळणीवरची वाळूही ओढून नेतात. उन्हाळ्यात ज्या भरतीला कोरडी वाळू शिल्लक राहते, तेवढ्याच भरतीला जानेवारीत पाणी कड्याला लागू शकतं.

तारीख पुढे गेली

मूळ बेत जानेवारीतल्या एका शनिवारचा होता. त्या दिवशी ओहोटी दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास होती. सकाळी साडेआठला निघायचं, साडेअकरापर्यंत वाइल्डकॅट, ओहोटीच्या आसपास धबधबा, उजेड असतानाच परत. बेत उत्तम होता.

पावसाचा अंदाज आला आणि सहल आठवडाभर पुढे ढकलली. व्हॉट्सअॅपवर निरोप गेला : "सेम प्लॅन, नेक्स्ट सॅटर्डे."

या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो घेताना आपण काही ठरवतो आहोत असं कुणालाही वाटलं नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, म्हणजे ज्या घटकेला ओहोटी होती त्या घटकेला भरती येते. रविवारवर ढकललं असतं तर तासाभराचाही फरक पडला नसता. बरोबर एक आठवडा पुढे गेल्यामुळे कोष्टक पुरतं उलटं झालं. त्यात नवा शनिवार पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस होता, म्हणजे ऐन उधाण. आधीच्या शनिवारी पाण्याची चढ-उतार बेताची होती, या शनिवारी ती हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या चढ-उतारांपैकी होती. भरती सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि सूर्यास्त सव्वापाचच्या आसपास.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची ही एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. हिवाळ्यातल्या उधाणाला मोठी भरती सकाळी आणि खोल ओहोटी दुपारनंतर येते. उन्हाळ्यात खोल ओहोटी पहाटेकडे जाते. म्हणून हिवाळ्यातल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास अलामेअरला जायचं तर पुळण मोकळी होईपर्यंत दिवस संपत आलेला असतो.

गाडीतलं बोलणं

सकाळी गोल्डन गेट पूल ओलांडताना काकांनी विचारलं होतं, "परवा पौर्णिमा झाली ना? म्हणजे आज द्वितीया. दीडच्या सुमारास भरती असेल की."

कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. द्वितीयेला दीड. मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो बऱ्यापैकी जुळतो. पॅसिफिकला तो लागू नाही, कारण चंद्र माथ्यावर आल्यानंतर किती वेळाने पाणी चढतं हे प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. त्यामुळे काकांचा आकडा दोन तासांनी चुकला. पण त्यांच्या बोलण्यातला मुद्दा बरोबर होता : आज उधाण आहे आणि ऐन दुपारी पाणी वर असणार.

लेक म्हणाली, "बाबा, मी बघितलंय, साडेबाराला लो टाइड आहे." काका गप्प बसले. मी त्यांना नंतर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "इथला समुद्र तुमचा. तुम्ही फोनवर बघता, मी कुठे मध्ये बोलू?" लेकीकडे पाहुणे म्हणून आलेल्या वडिलांचं हे वागणं आपल्या घरांत अगदी ओळखीचं आहे. त्या गाडीत भरती-ओहोटी अंगवळणी पडलेला माणूस एकच होता, आणि त्याचा प्रश्न निकालात काढायला दहा सेकंदही लागली नाहीत. फोन उघडून पुन्हा पाहायला एक मिनिट लागलं असतं. बोलिनासनंतर फोनला रेंज नव्हती.

फाट्यावर

आठवडाभराच्या पावसानंतरचा पहिला स्वच्छ शनिवार असल्याने वाहनतळ भरलेला होता. गाड्या लांब मागे लावून चालत यावं लागलं आणि प्रत्यक्ष वाट धरायला सव्वादहा वाजले. पावणेदोन तासांचा उशीर. थांबून हिशेब करायची ही जागा होती. बॅस लेकपर्यंत जाऊन डबे खाऊन परतणं ही तिथे सुंदर, दमात बसणारी सहल झाली असती. तो पर्याय कुणी मांडलाच नाही. धबधब्याला जायचं म्हणून सगळे आले होते.

फाट्यावर पोचेपर्यंत बारा पंचवीस झाले. इथे तीन पर्याय होते. सगळ्यांनी आडवाटेने जायचं, सगळ्यांनी वाइल्डकॅटकडे जायचं, किंवा इथूनच मागे फिरायचं. दोघा तरुणांनी आडवाटेचा आग्रह धरला. उशीर झालाय, इथून वीस मिनिटांत धबधबा, समोरून लोक येतच आहेत. मुलीची आई ठाम नाही म्हणाली. आयोजकालाही ती वाट नको होती. वाद नको म्हणून तोड निघाली : दोघांनी आडवाटेने जावं, बाकी सहा जणांनी वाइल्डकॅटवरून पुळणीने यावं, आणि दीड वाजता धबधब्याखाली भेटावं.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक ही आहे, तारखेपेक्षाही मोठी. तारखेची चूक किनाऱ्यावर पोचल्यावर डोळ्यांना दिसते आणि सुधारता येते. पण गट फुटला, मधे रेंज नाही, आणि भेटीची जागा अशी निवडली की जिथे एका बाजूने घळ आणि दुसऱ्या बाजूने समुद्र परवानगी देईल तेव्हाच पोचता येतं. भेट झाली नाही तर काय करायचं, कुठे थांबायचं, किती वाजेपर्यंत, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. फुटायचंच होतं तर भेटीची जागा तोच फाटा असायला हवा होता.

वाइल्डकॅट कॅम्प, सव्वा ते अडीच

सहा जण सव्वाला वाइल्डकॅटला पोचले. पुळणीवर उतरले तर दक्षिणेला थोड्या अंतरावर कडा जिथे पुढे आलेला आहे तिथे लाटा सरळ दगडावर आपटत होत्या. आयोजकाने घड्याळ पाहिलं, फोनमधलं कोष्टकाचं जतन केलेलं चित्र पाहिलं आणि त्यावरची तारीख वाचली. ती मला म्हणाली की हात गार पडले.

काकांनी कुणाला बोल लावला नाही. ते ओंडक्यावर बसले आणि कड्याजवळचा एक काळा दगड त्यांनी नातीच्या वयाच्या त्या मुलीला दाखवला. लाट त्याच्या कुठवर येते ते बघत राहा म्हणाले. ओल्या वाळूची सर्वांत वरची रेघ, तिच्यावरचं ताजं शेवाळ आणि आत्ताच्या लाटांची पोच यांतलं अंतर त्यांनी पावलांनी मोजलं. "सुकती लागलीय," म्हणजे पाणी उतरू लागलंय, ते म्हणाले, "पण आत्ताच लागलीय. दोन तास तरी वाट नाही."

त्यांचा अंदाज नेमका होता. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. भरतीनंतरच्या पहिल्या दोन तासांत ते जेमतेम पाव भाग उतरतं, मधल्या दोन-अडीच तासांत निम्मं उतरतं आणि शेवटी पुन्हा रेंगाळतं. म्हणून भरतीनंतर दोन तासांनी पोचलेल्या माणसाला अर्धा तास थांबूनही काही हललं नाही असं वाटतं, आणि तो घाई करतो. आयोजकाच्या नवऱ्याला घाई झाली होती. दोन लाटांच्या मधे तो पुढे आलेला कडा पळत ओलांडता येईल असं त्याचं म्हणणं होतं. काका आणि आयोजक दोघांनी त्याला अडवलं. हे फार बरं झालं. हिवाळ्यात या किनाऱ्यावर पंधरा-वीस मिनिटं शांत गेल्यावर अचानक कितीतरी मोठ्या लाटांची रांग येते, आणि अशा लाटेने कड्याशी गाठलेल्या माणसाला मागे जायला जागा नसते.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. काकांनी आधी दहा लाटा मोजून निर्णय घ्यायचं ठरवलं होतं. अरबी समुद्रावर हिवाळ्यात, वारा पडलेला असताना, ते पुरतं. इथे पुरत नाही. किमान वीस मिनिटं एकटक पाहायला हवं. प्रत्यक्षात ते तासाभराहून जास्त पाहत बसले, त्यामुळे फरक पडला नाही. त्या वेळात एकदा काळा दगड पूर्ण बुडाला, आणि त्याआधी बराच वेळ त्याला पाणी शिवलंही नव्हतं. तो बुडताना त्या मुलीने पाहिला आणि ओरडून सांगितलं. त्यानंतर पळत जाण्याचा विषय संपला.

दोन वाजता ठरलं : अडीचला सगळ्यांनी मागे फिरायचं. दोघे तरुण आपल्या वाटेने वर येतील आणि फाट्यावर नाहीतर गाडीपाशी भेटतील, असं धरून चालायचं.

दोन वीसला इंजिनिअर धापा टाकत कोस्ट ट्रेलने वाइल्डकॅटला आला. एकटा.

नवी अडचण

घडलं होतं ते असं. एकच्या थोडं आधी दोघे घळीपाशी पोचले. विद्यार्थी आधी उतरला. शेवटच्या दहा-बारा फुटांत दगडाचे पापुद्रे सुटले आणि तो घसरत खाली आला. तळवे सोलवटले, घोटा मुरगळला, पण उभा राहता येत होतं. वर चढायचा त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला. दर वेळी धरलेला दगड हातात आला. खाली धबधब्याच्या बाजूला थोडी वाळू मोकळी होती आणि मोठी लाट आली की तीही ओली होत होती. इंजिनिअरने वरून त्याला पाणी आणि जॅकेट टाकलं, दगडाच्या उंच भागावर बस म्हणून सांगितलं आणि मदत आणायला निघाला. आपण खाली उतरायचं नाही, हा त्याचा निर्णय त्या दिवशीचा सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल. उतरला असता तर दोघे अडकले असते आणि कुणाला पत्ता लागला नसता.

समोरचे पर्याय

दोन पंचवीसला वाइल्डकॅटवर सात माणसं उभी होती आणि उजेड तीन तासांचा उरला होता. त्यात एक मूल, एक वयस्कर माणूस आणि दोनच हेडलॅम्प. त्यांनी जे पर्याय मांडले ते असे.

सगळ्यांनी थांबायचं आणि पुळण मोकळी झाली की विद्यार्थ्याला आणायचं. मग आठही जणांना साडेपाच मैल अंधारात जावं लागणार.

आडवाटेने परत जाऊन वरून दोरी-कपडे बांधून त्याला ओढायचं. दोरी नव्हती, आणि ठिसूळ कड्याच्या काठावर माणसं उभी करायची होती. हा पर्याय काकांनी एका वाक्यात मोडला : "एकाला काढायला गेलात की दोघांना काढायची वेळ येईल."

गट पुन्हा विभागायचा, पण या वेळी नियम लावून.

चौथा पर्याय होता मदत मागण्याचा. मुलीच्या वडिलांकडे उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवता येणारा नवा आयफोन होता. तो पाठवावा की नाही यावर पाच मिनिटं गेली. त्याबद्दल शेवटी लिहितो.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला. आयोजक, काका, मुलगी आणि तिची आई असे चौघे दोन पस्तीसला एक हेडलॅम्प घेऊन गाडीकडे निघाले. नवरा, मुलीचे वडील आणि इंजिनिअर मागे राहिले. निघण्याआधी आयोजकाने वहीच्या पानावर वेळा लिहिल्या आणि त्याच्या दोन प्रती केल्या. साडेचारपर्यंत विद्यार्थी हाती लागला नाही तर उपग्रहावरून संदेश पाठवायचा, तेव्हा चर्चा करायची नाही. साडेसातपर्यंत मागचे गाडीपाशी आले नाहीत तर पुढच्यांनी बोलिनासला जाऊन 911 या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करायचा. फाट्यावर जे केलं नव्हतं ते तिने इथे केलं.

काकांनी नवऱ्याला तो काळा दगड पुन्हा दाखवला. मोठ्या लाटांची पुढची रांग येऊन जाईपर्यंत थांबा. त्या रांगेतही दगडाचं मूळ कोरडं राहिलं तरच निघा. चालताना कड्यापासून लांब, ओल्या वाळूवरून, आणि दोघांतल्या एकाची नजर सतत समुद्राकडे.

तीन वाजता पुढे आलेल्या कड्याखाली चांगली रुंद वाळू उघडी पडली होती. नवरा आणि मुलीचे वडील निघाले. इंजिनिअर वाइल्डकॅटच्या तोंडाशी थांबला, म्हणजे दोघे परतले नाहीत तर ते कळणारा कुणीतरी असेल. तीन वीसच्या सुमारास, अर्ध्याहून जास्त अंतर गेल्यावर, त्यांना समोरून विद्यार्थी लंगडत येताना दिसला. पाणी मागे हटलेलं पाहून तो स्वतःच निघाला होता.

पुढे काय झालं

पावणेचारला चौघे वाइल्डकॅटहून निघाले. घोट्यामुळे वेग कमी होता. शेवटचा तास पूर्ण अंधारात, एका हेडलॅम्पवर आणि फोनच्या उजेडात गेला. पावणेसातला ते गाडीपाशी आले. पुढचे चौघे पावणेसहाला पोचले होते. त्यानंतरचा तासभर त्या वाहनतळावर कसा गेला हे आयोजक सांगत होती तेव्हा तिचा आवाज अजून कापत होता.

घोटा दोन आठवड्यांत बरा झाला. तिसऱ्या दिवशी मात्र दोघा तरुणांच्या हातांवर, मानेवर पुरळ आणि पाण्याचे फोड उठले. आडवाटेवरची झुडपं पॉयझन ओकची होती. हिवाळ्यात त्याची पानं गळतात आणि तीन पानांची खूण उरत नाही, पण उघड्या काड्यांमध्ये त्वचेला भाजणारं तेल तसंच असतं. दोघांनी त्या काड्या हातांनी बाजूला सारल्या होत्या. तोच शर्ट घरी आल्यावर इतर कपड्यांबरोबर टोपलीत पडला, त्यामुळे खाज चांगली दोन आठवडे पुरली. तिथून आल्यावर कपडे वेगळे धुवावेत आणि अंग साबणाने लगेच खसखसून धुवावं.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख बदलली की भरतीचं कोष्टक नव्याने पाहायचं, हे उघड आहे. त्यापुढे माझं म्हणणं असं की कोष्टकातली ओहोटीची वेळ ही नियोजनाची सुरुवात मानावी. त्या वेळेच्या आधी दीड-दोन तास आणि नंतर एक तास एवढीच पुळण आपली. तिथून मागे मोजत वाहनतळावरची निघण्याची वेळ काढावी, आणि ती वेळ अर्ध्या तासाहून जास्त चुकली तर धबधबा सोडावा. त्या दिवशीसाठी पर्यायी जागा आधीच ठरलेली असावी, म्हणजे सोडणं हरल्यासारखं वाटत नाही. पॅलोमॅरिनच्या वाटेवर ती जागा बॅस लेक. ज्या दिवशी ओहोटी आणि सूर्यास्त तासाभराच्या अंतरात येतात, तो दिवस अलामेअरचा नाहीच.

आडवाटेबद्दल मी अजिबात मऊ बोलणार नाही. समोरून येणारी माणसं पाहून ती वाट ठीक असावी असं वाटतं. पण भेटतात ती वर आलेली. आपल्या सहलींमध्ये तिचं नाव पर्याय म्हणूनही घेऊ नये.

आणि काकांसारखी माणसं. आपल्या आई-वडिलांना आपण अशा सहलींना नेतो तेव्हा त्यांच्या गुडघ्यांची, औषधांची, डब्याची विचारपूस करतो. वाटेबद्दल त्यांचं मत विचारत नाही. या प्रकरणात सकाळी आठला मिळालेली माहिती दुपारी सव्वाला पुन्हा मिळाली, आणि मधे सहा जणांनी साडेपाच मैल पायपीट केली. आकडा चुकीचा होता म्हणून प्रश्न मोडीत काढला गेला. तो प्रश्न ऐकून नुसतं "थांबा, परत बघते" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मदत मागण्याचा प्रश्न

यावर त्या गटात अजून एकमत नाही, आणि आमच्या मंडळींतही नाही. अडीच वाजता संदेश का पाठवला नाही? मी प्रत्येकाला विचारलं. मुलीचे वडील म्हणाले की हेलिकॉप्टर आलं तर बिल कोण भरणार, ही धास्ती होती. विद्यार्थ्याने नंतर सांगितलं की त्याला सर्वांत जास्त भीती व्हिसाची वाटत होती. मनाई असलेल्या वाटेवर सापडलो, पोलिसांत नोंद झाली, तर पुढे काय? त्या दगडावर बसून, लाटा पायाशी येत असताना, तो हा विचार करत होता.

राष्ट्रीय उद्यान सेवा शोध-बचावाचे पैसे सहसा आकारत नाही. रुग्णवाहिकेचं किंवा इस्पितळाचं बिल ही वेगळी बाब. त्या वाटेने जाऊ नका असा उद्यानाचा सल्ला आहे, आणि सल्ला न ऐकता अडकलेल्या माणसालाही ते सोडवायला येतात. आयोजकाचं म्हणणं आहे की साडेचारची मर्यादा योग्य होती, कारण पाणी उतरत होतं आणि उतरणार हे नक्की होतं. तिच्या बाजूने बोलायचं तर तसंच झालं.

मला ते पटत नाही. दोन पंचवीसला एक जखमी माणूस एकटा, नजरेआड, लाटांच्या पोचेत होता आणि त्याची शेवटची खबर पाऊण तास जुनी होती. तिथे रस्ता नाही. मदत निघाली तरी पोचायला तास-दोन तास लागतात. साडेचारला संदेश पाठवला असता तर माणसं अंधारात आली असती. अडीचला पाठवून, तीन वीसला तो सापडल्यावर "माणूस सुखरूप आहे, चालत परततोय" असा दुसरा संदेश पाठवता आला असता, आणि त्याबद्दल कुणी रागावलं नसतं. आमच्या सहलींच्या कागदावर आता भेटीची जागा आणि मागे फिरण्याची वेळ यांच्या खाली एक ओळ आहे : गटातलं कुणी जखमी असेल आणि दिसत नसेल, तर संदेश आधी, विचारविनिमय नंतर. विद्यार्थी-व्हिसावर असलेल्यांना ही ओळ निघण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवतो, आणि बिलाचं काय ते तिथेच सांगून टाकतो.